योजनेत दात की तालुक्याला खुर्ची? निवेदन लिहायच्या आधी

दातांच्या सोयीसाठी सरकारकडं मागणी करायची असं ठरलं की शेवटी दोनच गोष्टी समोर उरतात. एक, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, म्हणजे ठरलेल्या हॉस्पिटलांत मोफत उपचार देणाऱ्या राज्याच्या योजनेत, दातांचे उपचार घाला. दुसरी, ग्रामीण रुग्णालयात, जमलं तर प्राथमिक आरोग्य केंद्रात (पीएचसी) सुद्धा, डेंटल चेअर म्हणजे दात तपासायची खुर्ची आणि कायमचा डॉक्टर द्या. दोन्ही मागा की, असं म्हणाल, पण दहा मागण्यांच्या निवेदनाला पोच मिळते, बाकी काही मिळत नाही. गेल्या वर्षी मी गावच्या ग्रामसभेत ठराव टाकला तेव्हा एकच निवडली, ती का ते सांगतो. तुमचं मत वेगळं असू शकतं.

आधी योजनेचं, कारण ती बाजू कच्ची नाही. सोलापूरला ती नवीन नाही, जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी या नावानं पहिल्या ८ जिल्ह्यांत सुरू झाली त्यात आपण होतो. आता पांढऱ्या रेशन कार्डालाही चालते, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. आमच्या भावकीत एकाची बायपास त्यातनं झाली, त्यामुळं योजनेला नावं ठेवली तर मला घरात जेवायला मिळणार नाही. हॉस्पिटलं ठरलेली, माणसं नेमलेली, यादीत फक्त चार ओळी वाढवायच्या, मलाही असंच वाटायचं.

मग आईची दाढ सुजली. रात्रभर लवंग दाबून बसली होती, सकाळच्या पहिल्या एसटीनं तिला सोलापुरात आणलं, रेशन कार्ड, आधार, झेरॉक्स सगळं घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलात योजनेच्या खिडकीवर उभं केलं. खिडकीवरचा आरोग्यमित्र, म्हणजे योजनेचे कागद बघणारा पोरगा, चांगला होता, कागद नीट बघितले आणि विचारलं, "पेशंट कुठल्या वॉर्डला ॲडमिट आहे?" म्हणलं ही काय, इथंच उभीय. "नाही हो काका, ॲडमिट असावं लागतं." आईनं पदर गालावर धरूनच मला विचारलं, "दाढेसाठी खाटेवर झोपायचं व्हय रं?" मला उत्तर सुचलं नाही, त्या पोरालाही नाही.

माझं तिथंच ठरलं. योजना खाटेच्या हिशोबानं चालते आणि दात हा ओपीडीचा, म्हणजे ॲडमिट न होता दाखवून घरी जायचा मामला आहे. जबडा मोडला, तोंडाचा कॅन्सर निघाला तर ऑपरेशन त्यात बसतं, पण मिश्री लावणाऱ्या बाईच्या तोंडातला पांढरा चट्टा, ज्याचा पुढं कॅन्सर होऊ शकतो, तो वेळेत बघायला गावात कुणी नाही. (गुटखाबंदीही त्याच जुलै २०१२ ची, आता टपरीवर जाऊन बघा.) बरं, उद्या रूट कॅनल (दाढ न काढता आतनं साफ करून भरणं) यादीत घातलंच तरी ते होणार शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात, म्हणजे तीन-चार चकरा आल्याच. बायकांना एसटीचं तिकीट अर्धं झालंय खरं, पण दिवस अर्धा होत नाही, हजेरी पुरीच बुडते. आईचं रूट कॅनल शेवटी प्रायव्हेटला सुरू केलं, दुसऱ्या चकरेनंतर दुखायचं थांबलं तशी ती गेलीच नाही आणि वर्षाच्या आत दाढ काढावी लागली.

आता खुर्चीचं खोटं सांगणार नाही. एका तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात मी खुर्चीवरचं प्लास्टिकसुद्धा निघालेलं नव्हतं असं बघितलंय. दुसरीकडं डॉक्टर होते, हात चांगला, पण दात भरायचं सिमेंट संपलेलं, त्यामुळं आलेल्या प्रत्येकाला "काढू का?" एवढंच विचारायचे. म्हणून नुसती खुर्ची मागू नका, डॉक्टर, मदतनीस, एक्स-रे आणि दर तिमाहीला मटेरियल हे सगळं एकाच वाक्यात लिहा, तुटक लिहिलं तर तुटकच येतं.

तरी मी याच बाजूला का? कारण १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार तसेही मोफत आहेत. खुर्ची चालू असली की कार्ड नको, मंजुरी नको, खिडकी नको. साहित्य, कंत्राटी माणसं यांना २०१४-१५ पासूनच्या राष्ट्रीय मौखिक आरोग्य कार्यक्रमातनं केंद्राचा पैसा येतो, फक्त राज्यानं आपल्या आराखड्यात तो मागायला पाहिजे. नवा कायदा लागत नाही. आणि शाळेत तपासणीची टीम येते, पोराचे दात किडलेत असं लिहून देते, ती चिठ्ठी घेऊन आईबापानं जायचं कुठं?

एक गोष्ट मात्र मान्य करतो, कवळी. गावात म्हातारी माणसंच जास्त उरली असतील तर योजनेवाल्यांचं पारडं जड आहे. शेजारच्या कर्नाटकानं दंतभाग्य नावाची योजना काढून गरीब म्हाताऱ्यांना मोफत कवळ्या दिल्या, केरळात तशीच मंदहासम योजना आहे, आपल्याला तसं मागता येईल.

पत्ता तेवढा बरोबर टाका. पीएचसी झेडपीकडं, ग्रामीण रुग्णालय जिल्हा शल्यचिकित्सकांकडं, आणि योजनेत बदल हवा असेल तर थेट मुंबई, तिथं आपला आवाज पोचायला आमदार धरावा लागतो. आमच्या ठरावाला झेडपीत आवक नंबर पडलाय. आई महिन्याला एकदा विचारते खुर्ची आली का, आणि तोवर उजवीकडनंच चावते.