बॉम्ब फुटण्याआधीचे चेहरे : ‘द बॅटल ऑफ अल्जिअर्स’

फ्रेंच राजवटीविरुद्ध लढणाऱ्या अल्जेरियन मुक्ती आघाडीच्या तीन स्त्रिया अंगावरचे पांढरे वस्त्र उतरवतात, केस कापतात, युरोपीय पोशाख चढवतात आणि पिशव्यांत बॉम्ब घेऊन फ्रेंच सैनिकांच्या नाक्यांवरून पार होतात. त्यांच्यापैकी एक कॅफेत शिरते, तेव्हा एक अनोळखी गृहस्थ तिला बसायला स्वतःची जागा देतो. ती सभोवार पाहते आणि तिच्या नजरेबरोबर आपणही आइस्क्रीम खाणारे लहान मूल पाहतो. या मुलाला पडद्यावर आणण्याचे टाळले असते, तर दिग्दर्शक जिल्लो पोंतेकोर्व्हो यांना बंडखोरांविषयीची सहानुभूती सहज मिळवता आली असती. त्यांनी ती सोय नाकारली, आणि माझ्या मते या १९६६च्या कृष्णधवल चित्रपटाचे मोठेपण त्या नकारात आहे.

चित्रपटाचा विषय १९५६-५७मधील अल्जिअर्स शहरातला संघर्ष हा आहे. त्यात आघाडीच्या नेत्याची भूमिका करणारे आणि निर्मितीत सहभागी असणारे सादी यासेफ हे प्रत्यक्षातही त्या लढ्याचे एक नेते होते. त्यामुळे चित्र एकतर्फी होण्याची भीती होतीच. चित्रपटाची बाजू वसाहतवादाविरुद्ध आहे आणि तो ती लपवत नाही. परंतु कास्बाच्या, म्हणजे शहरातील जुन्या अरब वस्तीच्या, गल्लीतील स्फोटानंतर ढिगाऱ्यातून काढलेल्या प्रेतांवर एन्नियो मोरिकोने यांचे जे शोकाकुल संगीत ऐकू येते, तेच युरोपीय वस्तीतील प्रेतांवरही ऐकू येते.

फ्रेंच सैन्याने केलेल्या छळाची हाताळणी तितकीच विचारपूर्वक आहे. चित्रपट सुरू होतो तोच छळानंतरच्या क्षणापासून : माहिती देऊन बसलेल्या, थरथरणाऱ्या माणसाला सैनिक कॉफी पाजतात आणि फ्रेंच गणवेश चढवतात. या सैन्याचे नेतृत्व करणारा कर्नल मात्यू हा मात्र क्रूरकर्मा नाही. तो सुसंस्कृत, तर्कशुद्ध अधिकारी आहे आणि पत्रकारांनाच विचारतो, की फ्रान्सने अल्जेरियात राहावे असे तुम्हाला वाटत असेल, तर त्याचे सगळे परिणामही मान्य करायला नकोत का? ही भूमिका करणारे झाँ मार्तँ यांनी १९६०मध्ये अल्जेरियातील युद्धात शस्त्र उचलायला नकार देणाऱ्यांच्या समर्थनार्थ काढलेल्या जाहीरनाम्यावर सही केली होती, हे ठाऊक असले की त्यांच्या अभिनयातील संयम अधिकच जाणवतो.

उणिवाही आहेत आणि त्या किरकोळ नाहीत. आघाडीने आपल्याच समाजातील प्रतिस्पर्धी राष्ट्रवाद्यांशी केलेला रक्तरंजित संघर्ष येथे जवळजवळ दिसत नाही. बॉम्ब ठेवणाऱ्या स्त्रियांचे चेहरे कॅमेरा जवळून न्याहाळतो, पण त्यांना बोलायला फारच कमी देतो. त्या या निर्णयाप्रत कशा आल्या, हे कळायला हवे होते.

व्हेनिस महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळूनही फ्रान्समध्ये हा चित्रपट काही वर्षे दाखवता आला नाही. सुमारे दोन तासांचा हा चित्रपट शक्य असल्यास पुनरुज्जीवित प्रतीत आणि मूळ फ्रेंच-अरबी संवादांसह पाहावा. छळाची दृश्ये थोडकी असली तरी असह्य आहेत, त्यामुळे मुलांना सोबत बसवू नये.