आठ रविवारांचा युरोप कोर्स, नवी पेठ: नक्की करा, पण आयोजकांनो नोट्स मराठीत द्या

सोसायटीतले बरेच जण विचारत होते की तो युरोपच्या इतिहासाचा रविवारचा कोर्स कसा आहे, पैसे वसूल होतात का, म्हणून सविस्तर लिहितेय. मी आणि बाबा दोघांनी केला. आठ रविवार, सकाळी साडेनऊ ते बारा, माणशी १८०० रुपये, मध्ये एक चहा. विषय १७८९ ते १९१९. बाबा खडकीहून रिटायर झालेत, वाचन दांडगं पण सगळं मराठीतून. मी अकाउंट्समध्ये, दहावीनंतर इतिहासाशी संबंधच आला नव्हता.

पहिल्या रविवारी विषय फ्रेंच क्रांतीचा, सरांनी टेबलावर एक भलामोठा पाव ठेवला, कॅम्पातल्या बेकरीतून खास करून आणलेला, दोन किलोला थोडा कमी. म्हणाले पॅरिसमधलं मजुराचं कुटुंब जगायचं ते यावर. एरवी असा पाव आठ-नऊ सूला (सू म्हणजे तिथलं तेव्हाचं छोटं नाणं) मिळायचा, जुलै १७८९ मध्ये साडेचौदा सूला गेला, आणि मजुराचा रोज किती तर वीस ते तीस सू. म्हणजे दिवसभर राबून निम्मी कमाई, कधी त्याहून जास्त, नुसत्या पावात. पाव सगळ्यांच्या हातातून फिरवला, बाबांनी दोन्ही हातांनी उचलून वजन बघितलं आणि हळूच म्हणाले, अगं हा चार माणसांना एक दिवस तरी पुरेल का.

मग मागे गेले. फ्रान्सच्या राजाने अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात पैसा ओतलेला, १७८८ मध्ये सरकारी खर्चातला जवळजवळ निम्मा भाग जुन्या कर्जापायी जायचा, त्यात त्या वर्षी गारपीट होऊन पीक गेलं, आणि मुख्य कर भरायचा कोणी तर शेतकऱ्याने, कारण सरदारांना आणि चर्चला सूट. मी रोज ताळेबंद बघते त्यामुळे मला हे चटकन भिडलं, असा हिशेब कोणाच्या बापाला जुळणार नाही. १६१४ नंतर पहिल्यांदा तिन्ही वर्गांची, म्हणजे चर्चवाले, सरदार आणि बाकी सगळी जनता यांची, सभा बोलावली ती यासाठीच, आणि तिथे भांडण पेटलं ते मतांवरून, की तिसऱ्या वर्गात शंभरातली सत्त्याण्णव माणसं पण मत एकच, बाकीच्या दोघांची मिळून दोन. शाळेत आम्ही लोकांनी पॅरिसचा बॅस्टिल तुरुंग फोडल्याची तारीख पाठ केली होती, १४ जुलै, पण त्या दिवशी आत फक्त सात कैदी होते हे कोणी सांगितलंच नव्हतं, लोक गेले होते ते मुख्यतः बंदुकीच्या दारूसाठी. आणि ५ ऑक्टोबरला बाजारातल्या बायका पावसात राजाच्या महालापर्यंत, व्हर्सायला, चालत गेल्या आणि दुसऱ्या दिवशी राजाला पॅरिसला घेऊनच आल्या, ते सर सांगत होते तेव्हा हॉलमध्ये कोणी खोकलंसुद्धा नाही.

सगळ्यात भारी रविवार चौथा. मिनार नावाच्या फ्रेंच इंजिनिअरने रिटायर झाल्यावर, १८६९ साली, नेपोलियनच्या रशिया मोहिमेचा एक नकाशा काढला, त्याची मोठी प्रिंट तीन टेबलं जोडून पसरली होती. जाताना जाड फिकट पट्टा, येताना बारीक काळी रेघ, पट्ट्याची जाडी म्हणजे जिवंत माणसं. सुरुवातीला ४,२२,०००, मॉस्कोला पोचले १,००,०००, परत आले १०,०००. खाली थंडीचा आलेख वेगळा. सर म्हणाले बोलू नका, बोट ठेवून चालत जा. पन्नासेक माणसं रांगेत उभी राहिली आणि एकेकाने बोट फिरवलं. बेरेझिना नदीवर आकडा ५०,००० वरून एकदम २८,००० होतो, तिथे बाबांचं बोट थांबलं ते बराच वेळ हललंच नाही, मागचे लोकही थांबले, कोणी घाई केली नाही. सरांनी त्यानंतर एकच गोष्ट सांगितली, की बरीचशी माणसं थंडी पडायच्या आधीच, जाताना गेली होती, उपासमारीने आणि टायफसने. नकाशातही ते दिसतंच की, फिकट पट्टा मॉस्कोला पोचेपर्यंतच किती बारीक झालाय, पण आपण आपलं लहानपणापासून बर्फ बर्फ ऐकत आलेलो.

सर पुण्याचा धागा सोडत नाहीत हे मला फार आवडलं. वॉटर्लूवर १८१५ मध्ये नेपोलियनला हरवणारा वेलिंग्टन म्हणजेच आर्थर वेलस्ली, जो एप्रिल १८०३ मध्ये दुसऱ्या बाजीरावाला गादीवर परत बसवायला फौज घेऊन पुण्यात आला होता आणि त्याच सप्टेंबरात असईला शिंदे-भोसल्यांशी लढला. शनिवारवाड्यावरून मी रोज जाते, हे डोक्यात कधी आलंच नव्हतं. आणि फ्रेंच क्रांतीची बाजू घेऊन थॉमस पेनने जे ‘राइट्स ऑफ मॅन’ लिहिलं ते इथे पुण्यात तरुण जोतीराव फुल्यांनी वाचलं, त्यांच्या विचारांवर त्याचा खोल ठसा आहे. कुठे पॅरिस आणि कुठे गंज पेठ! हे ऐकून आम्ही दोघं पुढच्या शनिवारी फुले वाड्यात जाऊन आलो.

आता जे खटकलं ते. १८४८ चाळीस मिनिटांत उरकलं. पॅरिस, व्हिएन्ना, बर्लिन, बुडापेस्ट सगळीकडे एकाच वर्षात उठाव, ऑस्ट्रियाचा चॅन्सेलर मेटर्निख पळाला, ऑस्ट्रियातली शेतकऱ्यांची वेठ संपली, एवढं सगळं, आणि सर घड्याळाकडे बघत होते. जर्मनीचा चॅन्सेलर बिस्मार्क, त्याला मात्र अख्खा रविवार. तो पाहिजेच, १८८३ पासून कामगारांना आजारपणाचा विमा, मग अपघाताचा, मग म्हातारपणाचं पेन्शन, समाजवाद्यांवर बंदी घालून त्यांच्याच मागण्यांतलं थोडं स्वतः द्यायचं, ही चाल समजायला वेळ लागतोच, तरी पण.

दुसरं, मूळ आखणीत बायका त्या ५ ऑक्टोबरनंतर गायब. नेपोलियनच्या १८०४ च्या कायद्याने बायकोला नवऱ्याच्या ताब्यात दिलं हे मी चहाच्या वेळी विचारल्यावर आलं. सरांनी मान्य केलं आणि पुढच्या रविवारी ऑलिम्प द गूजवर वीस मिनिटं बोलले, जिने १७९१ मध्ये स्त्रियांच्या हक्कांचा जाहीरनामा लिहिला आणि १७९३ मध्ये जिला गिलोटिनवर नेलं. ही वीस मिनिटं आता कायमची ठेवा प्लीज.

तिसरी आणि माझी खरी तक्रार, नोट्स. शिकवणं अस्सल मराठीत आणि हातात दिलेली स्पायरल बाइंडिंगची वही पूर्ण इंग्लिशमध्ये. हॉलमध्ये निम्मे लोक साठीच्या पुढचे, शिवाय स्पर्धा परीक्षेची गावाकडून आलेली मुलं. बाबांनी पहिल्या दिवशी वही उघडली, मिटली आणि पिशवीत ठेवली, परत काढली नाही. आठ आठवडे रोज रात्री जेवण झाल्यावर मी वाचून सांगायची आणि ते स्वतःच्या दोनशे पानी वहीत मराठीत उतरवून घ्यायचे. ज्यांच्या घरी असं कोणी नाही त्यांनी काय करायचं? ऑफिसमध्ये सांगितलं तर ‘बघू’ म्हणाले. बघू नका, करा.

शेवटचा रविवार पहिल्या महायुद्धाचा. साराजेव्होला ऑस्ट्रियाच्या युवराजाचा आणि त्याच्या बायकोचा खून २८ जून १९१४, व्हर्सायचा तह बरोबर पाच वर्षांनी २८ जून १९१९, आणि तोही त्याच आरसेमहालात जिथे १८७१ मध्ये जर्मन साम्राज्य जाहीर झालं होतं. मग सर भारतीय सैनिकांवर आले, दहा लाखांहून जास्त माणसं समुद्रापार गेली, सत्तर हजारांहून जास्त मेली. तेवढ्यात बाबा उठून उभे राहिले. आमच्या साताऱ्याकडच्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे, या गावातून इतके लोक युद्धाला गेले, इतके कामी आले. बाबा म्हणाले, लहानपणी त्या पाटीखाली आम्ही गोट्या खेळायचो, त्यावर नावं नाहीत, नुसते आकडे आहेत. एवढंच बोलून खाली बसले. सरांनी खडू घेतला, फळ्यावर लिहिलेल्या आकड्यांखाली आमच्या गावाचं नाव लिहिलं आणि हॉलला विचारलं, अजून कोणाच्या गावात आहे पाटी? सात हात वर आले. सातही गावं फळ्यावर आली.

जाणार असाल तर नऊलाच पोचा, गाडी लावायला जागा मिळत नाही, बसने गेलेलं बरं. मागच्या तीन रांगांत माइक नीट ऐकू येत नाही. पुढची बॅच १९१९ ते १९८९ ची आहे, बाबांनी दोघांची फी भरून टाकली आणि फॉर्मवर ‘सूचना’ लिहिलेलं असतं त्या रकान्यात मोठ्या अक्षरात लिहून आलेत, नोट्स मराठीत हव्यात.