जुन्या स्पोर्ट्‌स कारचं इंजिन खरंच दमलंय का? डायनो, कॉम्प्रेशन की लीक-डाउन?

गाडी पूर्वीसारखी ओढत नाही, पिकअप गेलाय, या तक्रारीत कित्येकदा इंजिनाचा दोषच नसतो. म्हणून चाचणीवर पैसे घालण्याआधी तीन गोष्टी बघाच. फेरफटका मारून आल्यावर एखादं चाक बाकीच्यांपेक्षा जास्त तापलंय का? तसं असेल तर तिथला ब्रेक धरतोय. वरच्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर आरपीएम चढतात, पण वेग वाढत नाही? मग क्लच घसरतोय. तिसरी गोष्ट हमखास राहून जाते: इंजिन बंद ठेवून कुणालातरी पेडल तळापर्यंत दाबायला सांगा आणि थ्रॉटलची झडप पूर्ण उघडते का, ते स्वतः बघा. केबल सैल झाली असेल, तर झडप अर्धवटच उघडते.

हे सगळं ठीक असेल, तर पुढे काय?

डायनोवर, म्हणजे गाडीची चाकं रोलरवर फिरवून मोजणाऱ्या यंत्रावर, ताकद किती उरलीय ते कळतं. मात्र कंपनीचा आकडा क्रँकवरचा, म्हणजे थेट इंजिनाच्या दांड्यावरचा असतो आणि डायनो मोजतो चाकांवरची ताकद. कागदावर २०० हॉर्सपॉवर आणि चाकांवर १७० म्हणजे ३० गेले असं नाही. तेवढी ताकद गिअरबॉक्स आणि डिफरन्शियल सहज खातात. १९७२ पूर्वीच्या अमेरिकन गाड्यांचे आकडे तर बहुधा ‘ग्रॉस’, म्हणजे फुगलेले. मला आकड्यापेक्षा आलेखाचा आकार महत्त्वाचा वाटतो: खालच्या आरपीएमला ओढ चांगली आणि वर एकदम पडते, तर इंधन कमी पडतंय किंवा एक्झॉस्ट तुंबलाय.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे स्टार्टरने इंजिन फिरवून प्रत्येक सिलिंडरचा दाब गेजने मोजणं, स्वस्त आणि घरी जमण्यासारखी. इंजिन गरम, सगळे प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी चार्ज केलेली. सिलिंडर एकमेकांशी ताडून बघा. १०-१५ टक्क्यांहून जास्त फरक असेल, तर शंका घ्या. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये थोडं ऑइल टाकून परत मोजा. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंगा झिजल्यात, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

लीक-डाउनला कॉम्प्रेसर लागतो, पण गळती नेमकी कुठे ते तीच सांगते. दोन्ही व्हॉल्व्ह बंद असताना पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये हवा भरा आणि कान द्या. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइलच्या झाकणातून आली तर रिंगा, रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर गॅस्केट.

माझं मत स्पष्ट आहे: आधी कॉम्प्रेशन, शंका आली तर लीक-डाउन, आणि दोन्हींत इंजिन निरोगी ठरलं तरच डायनो. आजारी इंजिनाला पूर्ण लोडवर पळवणं धोक्याचं आहे. जुनी गाडी विकत घेणाऱ्याने तर लीक-डाउनचाच आग्रह धरावा.

रोटरी इंजिनाच्या (पिस्टनऐवजी तिकोनी रोटर फिरणाऱ्या) माझदा आरएक्स-७ साठी मात्र साधा गेज चालत नाही. एका रोटरच्या तिन्ही बाजूंचं कॉम्प्रेशन वेगवेगळं दाखवणारा टेस्टर ज्याच्याकडे असेल, त्याच्याकडेच ती न्या.