‘मेज: द असेन्शन’ कोल्हापुरात खेळताना: काही महिन्यांच्या वापरानंतर

मे महिन्यापासून आम्ही पाच जण ‘मेज: द असेन्शन’ खेळतोय. आजच्या जगात जादू खरी असती तर काय झालं असतं, यावरचा हा टेबलटॉप रोलप्लेइंग गेम: टेबलाभोवती बसायचं, प्रत्येकाने एक पात्र घ्यायचं आणि फाशांच्या मदतीने मिळून कथा घडवायची. मूळचा 1993 चा, व्हाइट वुल्फ या अमेरिकन कंपनीचा. आमच्याकडे आहे ती विसाव्या वर्षानिमित्त काढलेली जाडजूड आवृत्ती, 2015 ची. गेम मास्टर, म्हणजे कथा चालवणारा आणि नियमांचा निकाल देणारा, मी आहे आणि आमची कथा कोल्हापुरातच घडते. इतके महिने खेळल्यावर माझं मत पक्कं झालंय: आधुनिक शहरात जादू बसवायला याहून चांगले नियम मी वापरलेले नाहीत. पण ते ज्या जगासाठी लिहिलेत ते जग आपलं नाही. तेवढा भाग उसवून पुन्हा शिवावाच लागतो.

याआधी आम्ही ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या अशाच खेळाची पाचवी आवृत्ती खेळायचो. तिथली जादू हिशेबी आहे. दिवसाला किती मंत्र टाकायचे याचे स्लॉट ठरलेले, एक खर्च केला की मंत्र चालतो. फायरबॉल हा तिसऱ्या पातळीचा मंत्र, 20 फूट त्रिज्येचा जाळ, नुकसानीला सहा बाजूंचे आठ फासे. गुहेत हे छान चालतं. दिवाळीच्या आठवड्यात महाद्वार रोडवर कुणी तो टाकला तर? पोलीस येणार, शंभर मोबाईल वर होणार, संध्याकाळपर्यंत गावातल्या सगळ्या ग्रुपवर क्लिप फिरणार. नियम याबद्दल काहीच बोलत नाहीत. सगळं ओझं गेम मास्टरवर पडतं आणि थोड्याच दिवसांत शहर म्हणजे नुसता नकाशा उरतो.

‘मेज’मध्ये मंत्रांच्या यादीवर काही अडलेलं नाही. फोर्सेस, लाइफ, माइंड, मॅटर, टाइम असे नऊ स्फिअर, म्हणजे जादूची क्षेत्रं, आहेत, प्रत्येकाच्या पाच पायऱ्या आहेत, आणि त्यांची जुळणी करून खेळाडू आपली जादू स्वतः रचतो. फासे किती टाकायचे ते ‘अरेटे’वर, म्हणजे कॅरेक्टरच्या जादूच्या कुवतीच्या आकड्यावर ठरतं, नव्या कॅरेक्टरला जास्तीत जास्त तीन. खरी गंमत पुढे आहे. बघणाऱ्याला योगायोग म्हणून खपेल अशी जादू सोपी, आणि खपणार नाही ती उघड जादू अवघड. वापरलेल्या स्फिअरची सर्वांत वरची पायरी घ्यायची आणि त्यात योगायोगाच्या जादूला 3, उघड पण कुणी सामान्य माणूस बघत नसेल तर 4, लोकांच्या डोळ्यांदेखत असेल तर 5 मिळवायचे. दहा बाजूंच्या फाशावर तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा यायला हवा. शिवाय उघड जादू यशस्वी झाली तरी ‘पॅराडॉक्स’ साचतो, आणि साचलेला पॅराडॉक्स कधीतरी करणाऱ्यावरच उलटतो.

आमच्यातल्या एकाचं कॅरेक्टर पैलवान आहे. खेळ प्रत्येक जादूगाराला विचारतो की जग कसं चालतं असं तुला वाटतं, तुझी साधना कोणती, साधनं कोणती. या पोराने सगळी उत्तरं तालमीतून आणली. हौद्यातली लाल माती, तिच्यात कालवलेलं ताक, हळद, लिंबू आणि तेल, पहाटेचे जोर-बैठका, वस्तादांचा शब्द. लाइफच्या तिसऱ्या पायरीवर तो स्वतःच्या शरीराचं बळ वाढवतो. खासबाग मैदानात, म्हणजे शाहू महाराजांनी 1912 मध्ये बांधून घेतलेल्या आखाड्यात, त्याने आपल्या दीडपट वजनाच्या मल्लाला धोबीपछाड मारली. हजारो लोक बघत होते, तरी मी ती जादू योगायोगाची धरली. खासबागेत बसलेल्या माणसाला पैलवान असं करू शकतो हे मनापासून मान्य असतं. तो उठून शिट्ट्या मारेल, फेटा उडवेल, पण त्याच्या जगाला तडा जाणार नाही. म्हणजे 3 अधिक 3, सहा. प्रत्येक फाशाला निम्मी संधी. पुढे याच गड्याने शिये फाट्यावर उतारावरून सुटलेली उसाची भरलेली ट्रॉली खांदा लावून थोपवली. बळ तेच, फासे तेच, पण इथे बघणाऱ्यांनी तोंडात बोटं घातली. आकडा झाला आठ, संधी दहात तीन, आणि पॅराडॉक्स वेगळा.

एकाच शहरातल्या दोन जागा एकाच जादूला दोन वेगवेगळे भाव लावतात. कथेत कोल्हापूर जिवंत होतं ते इथे. ‘भावा, बघितलं कुणी?’ हा प्रश्न आता आमच्या टेबलावर फासे उचलायच्या आधीच येतो, आणि तो विचारणाऱ्याला पेठ, वेळ, ऋतू सगळं डोळ्यांपुढे आणावं लागतं. जुलैच्या पावसात गल्लीतली लाईट घालवली तर कुणी मान वर करून बघत नाही. जानेवारीत तेच केलं की माणसं दारात येतात आणि डीपीकडे बघत उभी राहतात.

पॅराडॉक्सच्या बाबतीत मात्र आम्ही पुस्तकाला आमची जोड दिली. मूळ नियमांत तो प्रत्येक कॅरेक्टरच्या नावावर वेगळा साचतो. तो तसा ठेवून आम्ही भिंतीवर एक सामाईक पट्टीही लावली: पंचगंगेची राजाराम बंधाऱ्यावरची पातळी. 39 फूट इशारा, 43 फूट धोका. पावसाळ्यात हे दोन आकडे इथल्या लहान पोरालाही पाठ असतात. 2019 मध्ये पाणी 55 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्यातल्या दोघांच्या घरात ते शिरलं होतं. कुणीही उघड जादू केली की पट्टी चढते, मग ती कुणाचीही असो. 39 ला शहरात बारीकसारीक विपरीत घडायला लागतं: घड्याळं मागेपुढे होतात, ओळखीची माणसं ओळख देत नाहीत. 43 ला दरवाजे उघडतात. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात, कुणाच्या हुकमाची वाट बघत नाहीत. आम्हीही सात परिणाम लिहून ठेवलेत आणि कोणता उघडेल ते फाशावर सोडलंय. ते मी लांबवू शकत नाही आणि खेळाडू माझी मनधरणी करू शकत नाहीत. पट्टी 41 वर असताना कुणी उघड जादूची भाषा केली की बाकीचे चौघे त्याच्याकडे वळतात. या खेळात इतका खरा ताण मी दुसऱ्या कुठल्याच नियमातून येताना बघितलेला नाही.

आता जे खटकलं ते. पुस्तकातला मोठा शत्रू म्हणजे टेक्नोक्रसी, जगाने फक्त तर्क आणि यंत्रं मानावीत म्हणून बाकीची जादू चिरडणारी संघटना. या आवृत्तीत तिची बाजू घेऊनही खेळता येतं, तरी कथेचा कल कुणीकडे आहे ते लपत नाही. महाराष्ट्रात हे जसंच्या तसं घेता येत नाही. 2013 च्या ऑगस्टमध्ये पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. 2015 च्या फेब्रुवारीत कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर आमच्याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. इथे बसून विवेकाची बाजू घेणाऱ्यांना खलनायक करणारी कथा मी चालवणार नाही, आणि गटातल्या कुणालाही ती नको होती.

म्हणून आम्ही खेळाचा मूळ सिद्धांतच उलट्या बाजूने धरला. लोकांच्या विश्वासाने वास्तव घडतं असं पुस्तक म्हणतं. मग लोकांची भीती वाढवून जो पोट भरतो, तोच वास्तव बिघडवणार. आमच्या कथेतल्या भोंदू बाबाकडे एकही स्फिअर नाही. तो शंभर टक्के फसवा आहे. पण त्याच्या मठाभोवती काय खपतं आणि काय खपत नाही याची रेघ सरकलीय, आणि त्या सरकलेल्या रेघेचा फायदा एक खरी जादूगार घेते. तिच्यामागे लागलेली आमची नायिका गारगोटीकडच्या शाळेत शिक्षिका आहे आणि गावोगाव अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यक्रम करते. जादू आहे हे तिला ठाऊक आहे, तरी बाबाविरुद्ध ती पोलिसांत जातेच, कारण फसवणूक ती फसवणूक. चमत्काराचा दावा करून लोकांना लुबाडणं 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे. आपल्या पात्रांनी आपली विद्या का लपवावी, याचं इतकं नेमकं कारण मला पुस्तकाच्या शेकडो पानांत सापडलं नव्हतं.

देवस्थानं आम्ही फाशांच्या बाहेर ठेवली. अंबाबाई, जोतिबा, कुठलाही दर्गा: तिथे प्रसंग घडतो, रोल होत नाही. अंबाबाई मंदिरातल्या किरणोत्सवाच्या गर्दीत एक पाठलाग झाला. मावळतीची किरणं मूर्तीपर्यंत पोचेपर्यंत सगळी पात्रं नुसती उभी राहिली. ती स्थापत्याची करामत आहे, आणि तिला आमच्या जादूची गरज नव्हती.

पुस्तकातला भारतही तोकडा आहे. आपल्याकडचा धागा मुख्यतः युथॅनॅटोस या जादूगारांच्या परंपरेत येतो, जिला या आवृत्तीत चक्रवंती असंही नाव आहे: मृत्यू, पुनर्जन्म, कालचक्र. दुरून बघणाऱ्याला भारत असाच दिसत असेल. तालीम, गुऱ्हाळ, चपलांचा कारागीर, हुपरीचा चांदीकाम करणारा यातलं काही तिथे शोधू नका. पण साधनेचा नियम इतका मोकळा आहे की हे सगळं तुम्हाला आणता येतं, आणि आणलेलं पुस्तकातल्यापेक्षा सरस निघतं.

बाकी तक्रारी थोडक्यात. पुस्तक अवाढव्य आहे, सगळ्यांनी वाचावं अशी अपेक्षाच ठेवू नका. कुठल्या परिणामाला कोणती पायरी लागते यावर वाद होतात आणि सेशन अडतं. आम्ही आता गेम मास्टरचा निकाल लगेच मान्य करतो आणि वाद चहाच्या वेळी घालतो. मारामारी फार संथ आहे. शहरातल्या गटातटांसाठीही नियम पुरेसे वाटले नाहीत, तिथे आम्ही 2015 मध्येच आलेल्या ‘अर्बन शॅडोज’ या दुसऱ्या रोलप्लेइंग गेममधली उपकारांच्या देण्याची पद्धत उचलली. कुणी कुणासाठी काय केलं ते लिहून ठेवायचं आणि वेळ आली की वसूल करायचं. शिवाजी पेठ आणि मंगळवार पेठ यांच्यातले हिशेब मांडायला ती एकदम बसली.

नव्या गटाला ‘मेज’ थेट देऊ नका. आधी एखादा सोपा खेळ काही महिने खेळा. आणि सुरुवात करताना अख्खं शहर घेऊ नका. एकच गल्ली घ्या, तिथे कोण कुठल्या खिडकीत किती वाजता बसतं ते खेळाडूंकडूनच लिहून घ्या, आणि पहिली जादू त्या खिडक्यांसमोर होऊ द्या.