केबल काढून हायड्रॉलिक स्टिअरिंग टाकलं, एक अख्खा सीझन वापरून मग लिहितोय

मालवणजवळ देवबागला आमची २२ फुटी फायबरची होडी आहे, मागे ७५ एचपीची टू-स्ट्रोक यामाहा. संगमावरून पर्यटक घेऊन निवतीच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला जायचं, नाहीतर त्सुनामी आयलंड, सीझनला दिवसाला चार-पाच फेऱ्या होतात. पहिल्यापासून केबल स्टिअरिंग होतं, म्हणजे व्हील फिरवलं की केबल इंजिनाला ढकलते-ओढते, आणि आमचे काका, तेच होडीचे तांडेल म्हणजे चालवणारे, मे महिना येईपर्यंत उजवा खांदा धरून बसायचे. कारण सरळ आहे, पंखा एकाच दिशेने फिरतो त्यामुळे इंजिन कायम एका अंगाला ओढतं आणि केबलमधून ती ओढ थेट व्हीलवर येते, म्हणजे हात सोडला की होडी वळलीच. पंख्याच्या वर जी आडवी कॅव्हिटेशन प्लेट असते तिच्याखालचा छोटा फिन फिरवून बघितला होता, पण तो एका स्पीडला बरोबर बसला की दुसऱ्या स्पीडला परत तेच.

मागच्या वर्षी मे संपताना व्हील इतकं जड झालं की कर्ली नदीच्या मुखाशी लाटेत शिरताना काकांना दोन्ही हात लावून, उभं राहून फिरवावं लागलं, होडीत दहा माणसं, त्यात दोन लहान मुलं. त्या दिवशी ठरवलं की हे बदलायचंच. २६ मे ते ३१ ऑगस्ट वॉटर स्पोर्ट्स बंदच असतात, होडी वर ओढलेली, त्यामुळे ऑगस्टमध्ये काम काढलं.

घेतलं ते सीस्टार कंपनीचं बेस्टार कीट, आता ही कंपनी डोमेटिककडे आहे. यात व्हीलमागे हेल्म म्हणजे तेलाचा पंप असतो, तो नळ्यांमधून इंजिनावरच्या सिलिंडरला तेल ढकलतो आणि सिलिंडर इंजिन वळवतो. १५० एचपीपर्यंत चालतं, म्हणजे आमच्या इंजिनाला भरपूर. कीट, तेल, कुरिअर सगळं धरून लाखाच्या आत बसलं. ज्या दुकानातून मागवलं त्यांनी इंजिनाचं मॉडेल व्हॉट्सॅपवर लिहून दिलेलं असताना जोडणीचे पार्ट दुसऱ्याच इंजिनाचे पाठवले, बदलून यायला अकरा दिवस गेले, ऐन ऑगस्टमधले. म्हणून सांगतो, ऑर्डर देताना नुसतं एचपी सांगू नका, इंजिनावरच्या प्लेटचा फोटो पाठवा आणि पार्ट नंबर त्यांच्याकडून लिहून घ्या.

कामात सगळ्यात जास्त वेळ खाल्ला तो जुन्या केबलने. केबलचं टोक इंजिनाच्या टिल्ट ट्यूबमधून, म्हणजे इंजिन ज्या आडव्या नळीवर वर-खाली होतं तिच्यातून जातं, तिथे खारं पाणी आणि जुनं ग्रीस मिळून असा दगड झाला होता की दोन दिवस डिझेल आणि स्प्रे मारून, लाकडाचा ठोकळा ठेवून हातोडी घालून सुद्धा हललं नाही. मिस्त्री शेवटी म्हणाला, "ह्या असा सुटाचा नाय, कापूकच व्हया." कापलं, मग आतून दांडा ठोकत ठोकत बाहेर काढला, ट्यूब ब्रशने घासली तेव्हा आतून तपकिरी भुकटी नुसती मूठभर निघाली. नवीन सिलिंडरचा आधाराचा रॉड याच ट्यूबमधून जातो, म्हणून ही साफसफाई अजिबात टाळू नका, आणि ज्यांची केबल अजून चालू आहे त्यांनी होडी ठेवताना केबलचा दांडा आत घेऊन ठेवा, बाहेर राहिलेल्या भागावरच मीठ बसतं.

पुढचं काम त्यामानाने सोपं. डॅशबोर्डचं भोक मोठं करावं लागलं, जुनं व्हील पाऊण इंची टेपर शाफ्टचं होतं ते तसंच बसलं. नायलॉनच्या नळ्या धारदार ब्लेडने काटकोनात कापायच्या, मी पहिलं टोक करवतीने कापलं आणि तिथेच तेल पाझरायला लागलं, परत कापून बसवलं तेव्हा थांबलं. सगळं घट्ट करायच्या आधी इंजिन पूर्ण वर उचलून दोन्ही बाजूंना फिरवून बघा, सिलिंडर पुढच्या बाजूला बसतो, ट्रान्समला, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला, घासत असेल तर तेव्हाच कळतं.

नळ्यांत अडकलेली हवा काढायला दोन माणसं हवीतच. मी व्हीलवर, मिस्त्री मागे. पूर्ण उजवीकडे फिरवलं, मग त्याने सिलिंडरच्या त्या बाजूचं ब्लीडर, म्हणजे हवा सोडायचा स्क्रू, उघडलं, सिलिंडर हलू न देता धरून ठेवला आणि मी हळूहळू उलटं फिरवत राहिलो, पारदर्शक नळीत आधी नुसते बुडबुडे, मग तेल आणि बुडबुडे एकत्र, मग एकदम सलग तेलाची धार. फिरवता फिरवताच ब्लीडर बंद करायचं, मग दुसरी बाजू. या सगळ्या वेळात हेल्मला वर लावलेल्या तेलाच्या बाटलीतलं तेल संपू द्यायचं नाही नाहीतर परत पहिल्यापासून. आणि ब्रेक ऑइल चुकूनही नको, सील खराब होतात.

आता वापराबद्दल. हेल्म पंपाच्या आत व्हॉल्व्ह असतो तो तेल अडवून धरतो, त्यामुळे इंजिनाची ओढ व्हीलपर्यंत येतच नाही. जिथे सोडाल तिथे थांबतं, काका आता एका हाताने थ्रॉटल आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं व्हीलवर. डॉल्फिन दिसले की हळू फिरताना हे जाणवतं, मुखाशी लाटेत तर फारच.

फरक दोन आहेत ते माहीत असू देत. एक, या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास पाच फेरे फिरवावे लागतात, आधी त्याहून कमी लागायचे, जेट्टीला लावताना पहिले आठ-दहा दिवस काका वैतागले. दुसरं, व्हीलला 'मध्य' असा राहत नाही. काकांनी व्हीलच्या वरच्या दांडीला लाल दोरा बांधलेला होता, दोरा वर म्हणजे इंजिन सरळ. हायड्रॉलिकमध्ये ती जागा हळूहळू सरकत जाते, आठवड्याभरात दोरा खाली आलेला. "ह्या काय, उलटा बसवलंस?" असं मलाच विचारलं. आता सुटायच्या आधी मागे वळून इंजिन बघायची सवय लागली आहे.

इंजिन ४० एचपीपर्यंत असेल आणि केबल मऊ चालत असेल तर एवढा खर्च करू नका, नवीन केबल टाका. ६०च्या वर, रोजचं काम आणि माणसं बसवत असाल तर खुशाल करा. दर पंधरा दिवसांनी हेल्मचं झाकण उघडून तेलाची पातळी बघायची आणि सिलिंडरच्या टोकांना हात लावून ओल आहे का बघायचं, सीझनभर मी एवढंच केलं, एकदाही तेल घालावं लागलं नाही. तेल भरायची नळी आणि भोक पाडायचा होलसॉ आमच्याकडे पडून आहे, देवबाग-तारकर्लीत कोणी हे काम काढत असेल तर येऊन घेऊन जा.