समाधीचा दगड कुठला घ्यावा? ग्रॅनाईट, मार्बल, कडप्पा, जांभा की नुसतं झाड

घरातलं माणूस गेलं, लेकरागत वाढवलेला कुत्रा गेला, नाहीतर जन्मभर राबलेला बैल गेला की त्या जागेवर काहीतरी खूण पाहिजे असं वाटतंच, आणि नेमकं त्याच आठवड्यात डोकं चालत नसतंय, दुकानदार दाखवेल त्याला आपण हो म्हणून मोकळं होतो. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी ह्या भागात जे सहज मिळतं तेवढ्याचंच सांगतो. माझं मत आधीच सांगतो, दगड लहान घ्या पण अक्षरं खोल कोरून घ्या, पैसे तिथं घाला.

ग्रॅनाईट आपल्याकडं मुख्यतः दोन, काळा आणि इलकलचा तांबूस. इलकल आपल्याला साडीमुळं माहीत, पण तिथला दगडपण तेवढाच नावाजलेला. दोन्ही कडक, ऊन-पावसाचं त्यांना काही नाही, फरक पडतो तो अक्षरात. काळ्यावर लेसरनं फोटोसुद्धा निघतो, कारण पॉलिश उडालं की खालचा दगड करडा दिसतोय. इलकलवर लेसर उठूनच दिसत नाही, तिथं छिन्नीनं किंवा सँडब्लास्टनं (वाळूचा जोरदार फवारा मारून) कोरून रंग भरून घ्यावा लागतो, आणि खरं सांगायचं तर तेच बरं. दुकानात नमुन्यावर बोट फिरवून बघा, लेसरची रेघ बोटाला धड लागत नाही, कोरलेल्या अक्षराच्या कडेला मात्र नख अडकतं. पुढं रंग गेला तरी खोल अक्षर नुसत्या सावलीवर वाचता येतं.

कुत्र्याला कशाला दगड म्हणणाऱ्यांना आतकूरचं सांगा. मंड्या जिल्ह्यातला हा शिलालेख इ.स. ९४९-५० च्या सुमाराचा, त्यात काळी नावाच्या शिकारी कुत्र्याची आठवण कोरलीय, रानडुकराला भिडला आणि दोघंही मेले. तो दगड आता बंगळूरच्या म्युझियममध्ये आहे, हजार वर्षं झाली तरी वाचता येतोय, छिन्नीचं काम म्हणूनच.

मार्बल नवा असताना फार देखणा दिसतो, पण उघड्यावर मी तरी घेणार नाही. दगड मऊ, तेल आणि हळद-कुंकू पिऊन घेतो, लिंबाचा रस पडला की पॉलिश जातं, आणि आपल्या समाधीवर ह्यातलं काय पडत नाही सांगा. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडच्या पावसात तर शेवाळ धरून अक्षरं बुजायला वेळ लागत नाही. वर पक्कं छप्पर असेल तरच मार्बल. कडप्पा स्वस्त पडतो पण तोही मार्बलसारखा चुनखडीचाच, उन्हात काळेपणा जाऊन राखाडी होतो, पुढं पापुद्रे सुटतात. पहिल्या वर्षापुरती तात्पुरती पाटी म्हणून चालेल.

जांभ्यावर माझा जास्त जीव. आपल्याच मातीतला, खाणीतून काढताना मऊ आणि वारा लागला की कडक होणारा. अंगभर भोकं असल्यानं त्यावर बारीक अक्षर बसत नाही, म्हणून चिऱ्याचा, म्हणजे जांभ्याच्या कापलेल्या दगडांचा, कट्टा बांधायचा आणि त्यात ग्रॅनाईटची छोटी पाटी बसवायची. शेतातल्या कुत्र्या-बैलासाठी ह्याच्याइतकं चांगलं काही नाही, आईवडलांसाठीसुद्धा शोभतंय. वजनाचंही बघा की, दोन फूट बाय दीड फूट, दोन इंच जाड ग्रॅनाईट साधारण ३७ ते ४२ किलो भरतो, तोच १८ मिलिमीटरचा घेतला तर १३ ते १५ किलो, बांधावरनं एकटा माणूस नेऊ शकतो.

झाडाचा विचार करणाऱ्यांनी नंदगडला जाऊन यावं. इंग्रजांविरुद्ध लढलेल्या कित्तूरच्या संगोळ्ळी रायण्णाला १८३१ मध्ये तिथं फाशी दिली, त्याच्या समाधीवर साथीदारानं वडाचं रोप लावलं असं सांगतात, आणि तो वड आजही खूण म्हणून उभा आहे. जागा स्वतःची असेल आणि पुढं विकायची नसेल तर झाड लावाच, फक्त वड-पिंपळ कट्ट्याला चिकटून नको, मुळं चिरे उचकटतात.

आता माती. बैलहोंगल, सौंदत्ती, अथणीकडची काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, तिच्यावर नुसता दगड रोवला की कलणारच, खाली मुरूम चांगला चोपून घ्या. माती कुठलीही असो, ताज्या खड्ड्यावर जड दगड नको, एक पावसाळा जाऊ दे, माती बसू दे.

ऑर्डर देताना नावाची प्रिंट हातात घ्या. बऱ्याच ठिकाणी टाईप करणाऱ्याचा हात कन्नडवर बसलेला असतो, त्यात मराठी फॉन्ट बदलला की रफार आणि जोडाक्षरं तुटतात, कुऱ्हाडे आडनावाचं काय होईल बघा. घरातल्या दोघांनी मोठ्यानं वाचून सही केल्याशिवाय कोरायला द्यायचं नाही. पाहुणे दोन्हीकडचे असतील तर मराठी-कन्नड दोन्हीत नाव घाला, त्यासाठी पाटी थोडी मोठी झाली तर होऊ दे. आणि स्मशानभूमीत बसवायचं असेल तर ॲडव्हान्स द्यायच्या आधी कमिटीला विचारा, काही ठिकाणी पक्का कट्टा बांधूच देत नाहीत, तिथं जमिनीबरोबर आडवी पाटी एवढाच मार्ग उरतो.