एकटी इमारत की क्लस्टरचा टॉवर: सही करण्याआधी दोन नकाशांची तुलना

गिरगावातल्या आमच्या वाडीत सध्या पुनर्विकासाचे दोन नकाशे घरोघर फिरतायत. पहिला फक्त आमच्या इमारतीचा आहे. तळाला दुकानं, वर दहा मजले आणि मागच्या अंगाला गाड्या एकावर एक ठेवायचं स्टॅक पार्किंग. दुसरा वाडीतल्या नऊ इमारती एकत्र करून आखलेल्या क्लस्टरचा. त्यात सात मजल्यांचा पोडियम, म्हणजे पार्किंगचा रुंद चौथरा आहे आणि त्यावर दोन टॉवर, एक आपला, एक बिल्डरच्या विक्रीचा. सेसच्या, म्हणजे दुरुस्तीचा उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतीच्या पुनर्विकासाला 51 टक्के भाडेकरूंची संमती लागते. म्हणजे प्रत्येक घराची सही मोलाची. पण सही करण्याआधी घराघरांत चर्चा तीनच गोष्टींची चालते: चौरस फूट किती, बांधकाम होईपर्यंतचं भाडं किती, कॉर्पस (बिल्डरकडून मिळणारी एकरकमी रक्कम) किती. इमारत कशी असेल हा विषय निघालाच तर "ते आर्किटेक्ट बघेल" म्हणून तिथेच मिटतो. मला हे पटत नाही. भाडं तीन-चार वर्षं मिळेल, कॉर्पस एकदाच मिळेल, पण त्या इमारतीत आपल्याला आणि आपल्या मुलांना पुढची पन्नास वर्षं काढायची आहेत.

म्हणून पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत सुट्टीच्या दिवशी मी दोन्ही प्रकारच्या इमारती पाहत फिरले. गिरगाव, लालबाग, परळ, वरळी, दादर. आत राहणाऱ्यांना विचारलं, शेजारच्या जुन्या घरांतल्या लोकांना विचारलं, फुटपाथवर धंदा करणाऱ्यांना विचारलं. आमच्यासारख्याच पेचात असलेल्यांना उपयोग होईल म्हणून लिहिते आहे.

मतं दोन टोकांना का जातात

नव्या इमारतींबद्दल लोक काय म्हणतात ते ते कुठे उभे आहेत यावर फार अवलंबून असतं. वरळीच्या बीडीडी चाळींचं उदाहरण घ्या. 1920 च्या दशकातल्या चाळी, खोली 160 चौरस फुटांची, संडास मजल्यावर सामायिक. ऑगस्ट 2025 मध्ये तिथल्या 556 कुटुंबांना नव्या टॉवरमधल्या 500 चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. ज्या बाईने आयुष्यभर पहाटे रांगेत उभं राहून दिवस सुरू केला, तिच्यासाठी घरातला संडास हीच डिझाइनची पहिली आणि मोठी गोष्ट आहे. बाहेरून आलेल्या माणसाने तिला "टॉवर फार रुक्ष दिसतो" म्हणणं क्रूरपणाचं आहे.

दुसरीकडे 2012 ची गोष्ट आठवा. शिवाजी पार्क, दादरची हिंदू कॉलनी असे परिसर वारसा यादीत घालायचं ठरत होतं तेव्हा शहराच्या जुन्या रूपावर प्रेम करणाऱ्यांना आनंद झाला, पण तिथल्याच अनेक रहिवाशांनी जोरदार विरोध केला. त्यांना लिफ्ट हवी होती, गळकी गच्ची नको होती, आणि वारसा म्हटलं की पुनर्विकास अडकणार ही भीती होती. दोन्ही बाजू खोटं बोलत नव्हत्या. एक बाजू इमारत रस्त्यावरून बघत होती, दुसरी स्वयंपाकघरातून.

निर्णय घेणाऱ्याने दोन्ही ठिकाणी उभं राहून बघायला हवं. आपण वर राहणार असलो तरी दिवसातून चार वेळा खाली उतरणारच आहोत.

या इमारती अशा दिसतात, त्याला नियम जबाबदार

दिसण्याबद्दल तक्रार करताना लोक बिल्डरची आवड-निवड काढतात. खरं कारण बहुतेक वेळा नियमावलीत असतं. मुंबईत जानेवारी 2012 पर्यंत बाल्कनी, फ्लॉवर बेड, कोनाडे असे भाग एफएसआयमध्ये, म्हणजे भूखंडावर बांधता येणाऱ्या एकूण क्षेत्रफळात, धरले जात नसत. बिल्डर ते भरपूर दाखवायचे आणि ताबा मिळाल्यावर लोक ते घरात ओढून घ्यायचे. त्या जानेवारीत नियम बदलला. हे सगळं एफएसआयमध्ये मोजलं जाऊ लागलं आणि बदल्यात प्रीमियम भरून 35 टक्क्यांपर्यंत जादा एफएसआय, म्हणजे फंजिबल, मिळू लागलं. गैरप्रकार थांबला, पण बाल्कनीची जागा आता घरातल्या वापराच्या (कार्पेट) जागेशी स्पर्धा करू लागली. त्यानंतर उभ्या राहिलेल्या कित्येक इमारतींची भिंत सपाट आहे, खिडकी थेट पावसात उघडते, वर छज्जा नाही.

पोडियमचंही तसंच. नियमाप्रमाणे दिलेल्या पार्किंगचे मजले एफएसआयमध्ये येत नाहीत आणि विक्रीचे फ्लॅट त्यामुळे आपोआप वर उचलले जातात. समुद्र दिसायला लागला की भाव वाढतो. आमच्या क्लस्टरच्या नकाशात सात मजले पार्किंग कोणासाठी आहे, हे मी सभेत विचारलं. आमच्या इमारतीत एकूण चार गाड्या आहेत. ऑक्टोबर 2025 पासून मेट्रो 3 चं गिरगाव स्टेशन चालू झालंय आणि ते आमच्या वाडीपासून चालत सहा मिनिटांवर आहे. सात मजले आमच्यासाठी नाहीत, विक्रीच्या टॉवरसाठी आहेत. त्यांना ते हवेत यात गैर काही नाही. फक्त रस्त्यावर त्याचा काय परिणाम होतो ते आपण भोगणार आहोत, म्हणून ते आधी बघून घ्यावं.

तळाशी उभं राहून बघा

माझ्या मते दोन नकाशांतला खरा फरक इथे आहे.

लालबागला एका पोडियमच्या बाजूने मी दुपारी दोन वाजता चालले. साधारण शंभर पावलं नुसती भिंत. खालच्या बाजूला लोखंडी जाळ्या, त्यांतून गाड्यांच्या धुराची गरम हवा थेट पोटरीवर. दुकान नाही, ओटा नाही, सावली नाही. समोरच्या जुन्या चाळीतल्या आजोबांना विचारलं तर म्हणाले, "पूर्वी इथे रात्री दहालाही माणसं असायची. आता आठनंतर सुनेला एकटीला पाठवत नाही." भिंतीला डोळे नसतात, त्याचा हा अर्थ. समोरच्या पहिल्या-दुसऱ्या मजल्यावरची घरं तर आता थेट पार्किंगच्या कठड्याकडे बघतात. त्यांच्या गॅलरीतलं ऊन गेलं आणि संध्याकाळी हेडलाइट खोलीत येतात.

आता दादरची एक नऊ मजली इमारत सांगते, जिथे माझी मैत्रीण राहते. तळाला पाच दुकानं: चक्की, केमिस्ट, स्टेशनरी, शिंपी, चहाचं छोटं दुकान. दुकानांच्या वर सलग छज्जा, साडेचार-पाच फूट बाहेर आलेला. जुलैतल्या सरीत मी तिथे वीस मिनिटं उभी होते. त्या वेळात माझ्याखेरीज चौदा माणसं तिथे थांबून गेली: शाळेची मुलं, एक कुरिअरवाला, एक भाजीवाली तिच्या पाटीसकट. त्या छज्ज्याला बिल्डरला फार खर्च आला नसणार, पण त्या रस्त्यावर सगळ्यांना ती इमारत आपली वाटते. चहावाला म्हणाला, "नवीन बिल्डिंग आली तेव्हा वाटलं आता आपलं उठलं. पण यांनी ओटा ठेवला."

मुंबईला हे नवीन नाही. मरीन ड्राइव्ह आणि ओव्हलसमोरच्या इमारती 1930-40 च्या दशकांत बांधल्या गेल्या तेव्हा त्याही शहराच्या मध्यातल्या नव्याकोऱ्या फ्लॅटच्याच इमारती होत्या. खिडक्यांवर बाहेर आलेले पट्टीसारखे छज्जे, गोलसर बाल्कन्या, एका रेषेत ठेवलेली उंची. 2018 मध्ये त्यांना जागतिक वारशात जागा मिळाली. दिसायला त्या देखण्या आहेतच, पण ते छज्जे ऊन आणि पाऊस अडवण्यासाठीच होते. दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडणाऱ्या शहरात ते आजही तितकेच हवेत.

क्लस्टरच्या बाजूने एक खरी गोष्ट इथेच सांगायला हवी. मोठा भूखंड असेल तर मधे मोकळी जागा सोडता येते आणि अग्निशमन दलाची गाडी सगळीकडे फिरू शकते. आमच्या एकट्या इमारतीच्या नकाशात बाजूची मोकळी जागा फारच कमी आहे. शेजारच्या भिंतीत आणि आमच्या खिडकीत हात पुरेल इतकंच अंतर. खालच्या तीन मजल्यांवरच्या बाजूच्या खोल्यांत दिवसा दिवा लावावा लागेल. तेव्हा "लहान इमारत म्हणजे चांगली" असं डोळे झाकून म्हणता येत नाही. क्लस्टरला मुंबई शहरात किमान 4,000 चौरस मीटर लागतात आणि त्या मोकळ्या जागेचं काय केलं जातं यावर सगळं अवलंबून आहे. आमच्या नकाशात ती जागा पोडियमच्या डोक्यावर आहे, आठव्या पातळीला, आणि बाग विक्रीच्या टॉवरच्या बाजूला दाखवली आहे. आपल्या टॉवरचं गेट वेगळं, मागच्या गल्लीत.

सार्वजनिक गणेशोत्सव मुंबईत 1893 मध्ये गिरगावातल्याच केशवजी नाईक चाळीत सुरू झाला. चाळीच्या चौकात सगळ्यांचे दरवाजे उघडत होते, म्हणून तो तिथे रुजला. मोकळी जागा किती चौरस मीटर, हे विचाराच. पण तिथे कोणाचा दरवाजा उघडतो, हे त्याहून आधी विचारा.

दरवाजाबाहेरची जागा

घरातला नकाशा सगळे बघतात. दाराबाहेरचा कोणी बघत नाही.

माझी बहीण बाविसाव्या मजल्यावर राहते. हवा छान, डास नाहीत, समुद्राची पट्टी दिसते. हे सगळं ती मनापासून सांगते आणि मलाही तिथे गेलं की बरं वाटतं. पण दाराबाहेर दोन्ही बाजूंना घरं असलेला बंद पॅसेज आहे. भर दुपारी ट्यूबलाइट चालू. कोणी बोंबील तळले तर वास संध्याकाळपर्यंत तिथेच. तिच्या सासूबाई चाळीत रोज दुपारी गॅलरीत बसून तांदूळ निवडायच्या आणि चार जणींशी बोलायच्या. इथे सुरुवातीला त्यांनी पॅसेजमध्ये खुर्ची टाकून पाहिली. आठवड्याने खुर्ची आत आली. समोरच्या घरातल्या बाईंचं नाव त्यांना वर्षभराने कळलं.

दादरच्या इमारतीत मजल्यावर चारच घरं आणि जिन्याशेजारी एक बाजू उघडी, कमरेएवढ्या कठड्याची. तिथे कुंड्या आहेत, मुलांच्या सायकली आहेत, दिवाळीत कंदील लागतात. जागा फार तर दहा बाय सहा. तेवढ्याने मजल्याचा स्वभाव बदलतो.

आणखी दोन गोष्टी नकाशात बोट ठेवून बघा. एक, कपडे कुठे वाळणार. टॉवरमध्ये बाहेर दोरी लावायला मनाई असते आणि कपडे वाळवायची ड्राय बाल्कनी नसेल तर चार महिने ओले कपडे बेडरूममध्ये. दोन, स्ट्रेचर आडवा मावेल अशी लिफ्ट आहे का. ज्यांच्या घरात म्हातारं माणूस आहे त्यांना मी अधिक काही सांगायला नको.

काच, रंग, नाव

यावर थोडक्यात. ब्रोशरमधलं एलिव्हेशन पाहून मत बनवू नका. काचेचा दर्शनी भाग पश्चिमेला असेल तर एसीचं बिल वाढणार आणि ती काच पुसायला दर वर्षी माणसं वरून दोरावर सोडावी लागणार, खर्च सोसायटीचा. साधा प्लास्टर, वर छज्जा आणि उघडणारी खिडकी याला तोड नाही. पाच पावसाळे झालेली त्याच बिल्डरची इमारत जाऊन बघा. ओघळ कुठे आलेत ते सगळं सांगून जातं.

पैशाची बाजू

क्लस्टरमध्ये घर थोडं मोठं मिळतं आणि कॉर्पसही जास्त सांगितला जातो. हे खरं आकर्षण आहे, मी ते कमी लेखत नाही; चार माणसांच्या घराला पन्नास चौरस फूट जास्त म्हणजे मुलीला अभ्यासाचा कोपरा. पण तीन-चार लिफ्ट, जनरेटर, आगीची यंत्रणा, वरच्या मजल्यांपर्यंत पाणी चढवणारे पंप, आगीत आसरा घेण्यासाठीचे रेफ्यूज मजले यांचा देखभाल खर्च कायमचा आहे. पागडीचं नाममात्र भाडं भरणाऱ्या पेन्शनर घराला तो झेपणार का, हे कागदावर मांडून बघा. आमच्या वाडीतली दोन घरं टॉवरमध्ये गेली तर पाच वर्षांत विकून विरारकडे जावं लागेल, असं स्वतःच सांगतात. क्लस्टरमध्ये नऊ इमारतींचं एकमत, वेगवेगळे मालक आणि कोर्टकज्जे यांमुळे वेळही जास्त जातो.

मग कोणी काय निवडावं

भूखंड अगदी चिंचोळा असेल, बाजूच्या खोल्यांना उजेडच मिळणार नसेल, तर एकट्या इमारतीचा हट्ट धरू नका. शेजारच्या दोन-तीन इमारतींशी बोला. मधला आकारही शक्य असतो आणि आमच्याकडे तो आजवर कोणी मांडलेलाच नाही. घरात तरुण माणसं, दोन पगार, मोठ्या जागेची निकड असेल तर टॉवर चुकीचा नाही. घरात म्हातारी माणसं असतील, उत्पन्न बेताचं असेल, आणि खालच्या रस्त्याशी रोजचा संबंध असेल तर दहा मजल्यांची इमारत जास्त पेलवते.

मी स्वतः एकट्या इमारतीच्या बाजूने आहे, तीन दुरुस्त्यांसह: उजेडासाठी मागचा डक्ट, म्हणजे उजेड-हवेची उभी पोकळी, रुंद करणे, दुकानांवर पाच फुटांचा सलग छज्जा, आणि प्रत्येक मजल्यावर जिन्याशेजारी एक उघडी बाजू. उद्या बहुमत क्लस्टरकडे गेलं तर माझ्या मागण्या अशा असतील: रस्त्याकडेच्या पोडियमच्या खालच्या दोन पातळ्यांत दुकानं किंवा घरं, भिंत नाही, आपल्या टॉवरचं गेट मुख्य रस्त्यावर, आणि मोकळ्या जागेतला निम्मा भाग जमिनीवर.

यातलं काहीही सभेत तोंडी कबूल केलेलं पुरत नाही. तळमजल्याचा, एका मजल्याच्या पॅसेजचा आणि रस्त्याकडून दिसणाऱ्या बाजूचा असे तीन नकाशे मापांसकट कायमस्वरूपी पर्यायी घराच्या करारनाम्याला जोडून घ्या, प्रत्येक पानावर दोन्ही बाजूंच्या सह्या घ्या, आणि संमतीपत्र त्यानंतर द्या. आमची पुढची सभा येत्या रविवारी आहे. तिन्ही नकाशांच्या मोठ्या प्रती मी काढून ठेवल्या आहेत, जिन्याच्या पहिल्या वळणावर लावणार आहे, म्हणजे वर-खाली करताना प्रत्येकाला दिसतील.